कोरडा पुठ्ठा

माझ्या भावोजींच्या शर्टाची पाठ कधीच मळत नाही. भावोजी मेकॅनिक आहेत हे सांगितलं की यातली गंमत कळते. गाड्या दुरुस्त करणारा माणूस दिवसातून दहादा गाडीखाली उताणा पडतो. दोन-चार वर्षांत त्याच्या झाडून सगळ्या शर्टांच्या पाठी काळ्या होतात आणि मग साबण, सोडा, ब्रश कशालाच दाद देत नाहीत. भावोजींचे शर्ट मात्र पुढून मेकॅनिकचे आणि मागून बँकेतल्या कारकुनाचे. माझी थोरली बहीण चोवीस वर्षं ते धुते आहे. नवीन लग्न झालं तेव्हा ताई मला कौतुकाने सांगायची, "हे फार टापटिपीचे आहेत गं." टापटीप कसली! गाडीखाली पूर्ण जायचंच नाही. बाजूने वाकायचं, एक हात आत घालायचा, चाचपडत जेवढं होईल तेवढं करायचं आणि हात पुसत उभं राहायचं, अशी ती कामाची पद्धत होती.

आसपासच्या गल्ल्यांत त्यांना सगळे 'दोनतास' म्हणतात. कुठलंही काम घेऊन जा, ब्रेक असो नाहीतर क्लच, भावोजींचं उत्तर ठरलेलं: "दोन तासांत या." लोक हे नाव चेष्टेने घेतात हे त्यांच्या कधी लक्षात आलं नाही. उलट मध्यंतरी गॅरेजच्या पाटीवर त्यांनी घड्याळाचं चित्र काढून घेतलं. चित्रकाराला घाई केल्यामुळे त्या घड्याळाला एकच काटा आहे.

गॅरेजच्या वरच त्यांचं घर. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. या घरात धडपणे उघडणारी आणि धडपणे मिटणारी अशी एकही वस्तू नाही. स्वयंपाकघरातल्या नळाला आठ वर्षं सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली आहे. कपाटाचं दार बंद राहावं म्हणून फटीत घडी केलेला कागद आहे. भिंतीवरचं घड्याळ मागे पडायचं. ते उघडून बघायचं सोडून भावोजींनी ते वीस मिनिटं पुढे लावून ठेवलं, आणि आता आठवड्याच्या कुठल्या वारी त्यातून किती मिनिटं वजा करायची हे ताईला पाठ आहे. मी एकदा म्हटलं, "भावोजी, हे घर आहे की आजारी माणसांचा वॉर्ड? जो तो पट्टी बांधून बसलाय." ते खूश झाले. म्हणाले, "चालतंय ना पण सगळं?"

हा त्यांचा लाडका प्रश्न. चालतंय ना पण?

गॅरेज एका चढाच्या पायथ्याशी आहे आणि या चढाला भावोजींच्या धंद्यात फार मान आहे. कारण त्यांच्याकडे निम्मी गिऱ्हाइकं येतात ती तेल गळतं म्हणून. इंजिनाच्या तळाशी तेल साठवणारी पत्र्याची परात असते, तिला गॅरेजवाले चेंबर म्हणतात. ती वीस-बावीस बोल्टांनी इंजिनाला खालून आवळलेली असते आणि दोघांच्या मध्ये फट बुजवणारं पातळ पॅकिंग असतं. पॅकिंग म्हातारं झालं की थेंब थेंब तेल बाहेर यायला लागतं. त्यावर खरा उपाय एकच, चेंबर उतरवा आणि पॅकिंग बदला. भावोजींकडे मात्र उपाय सतरा. बोल्ट आवळा. बाहेरून ट्यूबमधलं चिकट सिलिकॉन फासा. तेलातच कसलंसं औषध ओता. अगदीच भागेना तर खाली तारेने पत्र्याचा डबा बांधा. मग संध्याकाळी गाडी चढावर नेऊन नाक वर करून उभी करायची आणि खाली एक कोरा पुठ्ठा सरकवायचा. इंजिन रात्रभर थंड, तेल मागच्या बाजूला, गळक्या कडेपासून लांब. सकाळी गिऱ्हाईक आलं की भावोजी तो पुठ्ठा दोन्ही हातांनी अलगद बाहेर काढणार, डॉक्टर एक्सरे बघतात तसा उजेडात धरणार आणि म्हणणार, "घ्या. एक थेंब दाखवा." मग त्या पुठ्ठ्यावर गाडीचा नंबर लिहून तो भिंतीवरच्या खिळ्याला अडकवणार. त्या खिळ्यावर आता पुठ्ठ्यांची एवढी चवड झालीय की अधूनमधून खिळाच निखळतो. तोही ते दगडाने ठोकतात, हातोडी दोन पावलांवर असताना.

तिसऱ्या दिवशी गिऱ्हाईक गळकी गाडी घेऊन परत आलं तर? "हे ते नाहीच. हे मागचं सील गेलंय तुमचं. माझं पॅकिंग पुठ्ठ्यावर सिद्ध झालंय."

आणि लोक ऐकून घेतात. मला राग येतो तो निम्मा या लोकांचाही येतो.

या सगळ्याकडे ताई अशी बघत आली की जणू पाऊसपाणी आहे, आपल्या हातात नाही. सोळा वर्षं ती वरच्या खोलीत खिडकीशी बसून शिवणाचं मशीन चालवत होती. खाली ठोकाठोकी, वर सुईची टकटक. मग त्रेचाळिसाव्या वर्षी तिने एक गोष्ट केली जी आमच्या दोन्ही घरांत कुणालाच अपेक्षित नव्हती. ती गाडी चालवायला शिकली. शिकवणाऱ्या बाई जाडजूड आणि फटकळ होत्या. पहिले दोन दिवस त्यांनी ताईला गाडी हलवूच दिली नाही; नुसते स्टीअरिंगसमोरचे इशाऱ्याचे दिवे ओळखायला लावले. शिवणाच्या साठवलेल्या पैशांतून ताईने जुनी व्हॅन घेतली आणि डायलिसिस सेंटरमधल्या रुग्णांना घरून आणायचं, घरी पोचवायचं काम मिळवलं. सकाळी पावणेसहाला ती निघते. तीन रुग्ण, त्यांची औषधं, त्यांच्या कुरबुरी. काठीवाले एक आजोबा आहेत, ते पुढच्या सीटवर बसून दर खेपेला तिच्या गिअर टाकण्याला मार्क देतात. "आज सात," म्हणतात. दहा अजून दिलेले नाहीत.

तिच्या चालण्यात फरक पडला होता. पूर्वी ती जिन्यावरून उतरताना भिंतीला हात लावून उतरायची. आता किल्ली हातात वाजवत उतरते. आणि घरातली एकच वस्तू अशी होती जिला भावोजींनी अजून दोरी बांधली नव्हती, ती म्हणजे ही व्हॅन.

तर एका गुरुवारी सेंटरच्या मेट्रनबाईंनी ताईला पोर्चमध्ये थांबवलं. व्हॅन उभी राहते तिथे गुळगुळीत फरश्यांवर तेलाचा वाडग्याएवढा डाग होता. त्याच सकाळी काठीवाल्या आजोबांची काठी त्या डागावरून सरकली होती. दारातल्या वॉर्डबॉयने वेळेत धरलं म्हणून निभावलं.

"तुमचं काम चोख आहे बाई," मेट्रनबाई म्हणाल्या. "पण माझ्या पेशंटची हाडं आधीच खडूसारखी आहेत. सोमवारी गाडी कोरडी आली पाहिजे. नाहीतर मी दुसरी गाडी बघेन, आणि मला वाईट वाटेल, पण बघेन."

ताई घरी आली ती थेट गॅरेजमध्ये. मी तेव्हा तिथेच होते, माझ्या स्कूटरला हवा भरायला आले होते. मेट्रनबाई काय म्हणाल्या ते तिने सांगितलं. भावोजींनी वाकून, एक हात व्हॅनखाली घालून चाचपलं, बोटं हुंगली आणि म्हणाले, "चेंबर पॅकिंग. दोन तास."

"अहो, दोन तासांत नको. नीट करा. माझं काम आहे हे."

"मग मी काय करतो, खेळ?"

शुक्रवारी त्यांनी लांब पाना घेतला आणि सगळे बोल्ट आवळले. आवळताना दात-ओठ खात होते. ताई बाजूला उभी. म्हणाली, "बोल्ट आवळून होईल का हे? पॅकिंग बदलायचं ना?"

"पॅकिंग बदलायचं म्हणजे इंजिन उचला, खालचा आडवा दांडा काढा, चेंबर उतरवा, घासत बसा. दोन दिवस जातात. वेळ उतू जाणाऱ्यांची कामं ती."

"बाकीचे तसंच करतात."

"म्हणून तर ते बाकीचे आहेत."

मी म्हटलं, "भावोजी, डब्याचं झाकण फार दाबलं की वाकडं होतं. तसं नाही ना व्हायचं?"

"मेहुणीबाई, तुम्ही भाजी चिरा."

शनिवारी सकाळी व्हॅन दोन ठिकाणी गळत होती. बोल्टांपाशी पत्रा खोलगट झाला होता आणि दोन बोल्टांच्या मधे फुगला होता. ताई म्हणाली, "आधी एकाच जागी गळत होतं."

"बरोबर. आता नेमकं कळलं ना कुठे आहे ते!" भावोजी म्हणाले. या माणसाला लाज वाटावी असा प्रसंग अजून घडायचाय.

मग दुपारी मोठी शस्त्रक्रिया झाली. तेल बादलीत काढलं. आडवा दांडा काढायचा सोडून नुसता सैल केला, चेंबर चार बोटं खाली लोंबू दिलं, आणि त्या फटीतून हात घालून लाल सिलिकॉनची अख्खी ट्यूब आत पिळली. जुनं पॅकिंग तसंच. त्याच्यावरची घाण तशीच. मध्येच ट्यूब संपत आली तर तिची पेस्टच्या ट्यूबसारखी गुंडाळी करून शेवटचा घास काढला. "जाड लावलं की मजबूत," ते पुटपुटत होते. बोल्ट आवळताना सिलिकॉन दोन्ही बाजूंनी बाहेर आलं. बाहेरून आलेलं त्यांनी बोटाने पुसलं. आत किती गेलं ते बघायला आत कोण जातंय? मग बादलीतलं तेच तेल फडक्यातून गाळून परत ओतलं.

ताईने जमिनीवर पडलेली रिकामी ट्यूब उचलून वाचली. "यावर लिहिलंय, चोवीस तास वाळू द्या, मग तेल घाला."

"कंपनीवाले काहीही लिहितात. औषधाच्या बाटलीवर लिहितात, हलवून घ्या. कोण हलवतं?"

"मी हलवते," ताई म्हणाली.

रविवारी सकाळी पुठ्ठा कोरडा होता. गाडी अर्थातच चढावर, नाक वर.

"अहो, ती चढावर आहे. तेल मागे गेलं असेल."

"तेल म्हणजे काय म्हैस आहे, इकडेतिकडे फिरायला?"

सोमवारी, मंगळवारी पोर्चमध्ये खरंच एक थेंब पडला नाही. मेट्रनबाईंनी वाकून बघितलं आणि मान हलवली. भावोजींनी ही बातमी किराणावाल्याला, न्हाव्याला आणि माझ्या नवऱ्याला सांगितली. माझ्या नवऱ्याला दोनदा. पुठ्ठा खिळ्यावर सगळ्यांत पुढे लागला.

बुधवारी सकाळी ताई तीन रुग्णांना घेऊन निघाली. सेंटर दहा मिनिटांवर असताना समोरचा एक दिवा लुकलुकला. लाल, तेलाच्या बुधलीच्या आकाराचा. विझला. परत लागला आणि लागूनच राहिला. पाठोपाठ इंजिनातून आवाज यायला लागला. ताईने मला नंतर सांगितलं, "सुई वाकडी होऊन खालच्या पट्टीला लागते ना, अगदी तसा. लोखंडाला लोखंड." सोळा वर्षं ऐकलेला आवाज होता तो. तिने गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. मग नवऱ्याला फोन लावला.

"तेल मोजायची पट्टी काढून बघ, तेल आहे का," भावोजी म्हणाले.

"बघितलं. भरपूर आहे."

"मग झालं तर! दिव्याची वायर सैल असेल. जा चालवत."

"आवाज येतोय."

"जुनी गाडी आहे, आवाज यायचाच. तुझे गुडघे वाजत नाहीत? दहा मिनिटांचं तर आहे. चल, जा."

"लाल दिवा लागला की जागच्या जागी थांबायचं. ड्रायव्हिंगच्या बाईंनी शिकवलंय."

"बाईंचं गॅरेज आहे का?"

ताईने फोन ठेवला आणि मेट्रनबाईंना लावला. गाडी पंक्चर झाली असं सांगता आलं असतं. तिने सांगितलं, शनिवारचं काम चुकीचं झालं असावं, इंजिनाला तेल पोचत नाहीये, मी पुढे आणू शकत नाही. सेंटरने आपली गाडी पाठवली. पाऊण तास तीन आजारी माणसं रस्त्याच्या कडेला बसून होती. काठीवाले आजोबा उतरताना काहीच मार्क न देता गेले, ते तिला फार लागलं.

मेट्रनबाईंनी दुपारी बोलावून घेतलं. "खरं सांगितलंत म्हणून आणखी एक संधी देते. येत्या सोमवारी सकाळी साडेसहाला गाडी पोर्चमध्ये आणायची. इंजिन चालू. खाली मी वॉर्डातली पांढरी चादर अंथरणार. पंधरा मिनिटं. दिवा लागला किंवा चादरीवर थेंब पडला तर आपला हिशेब संपला, बाई."

व्हॅन दुसऱ्या गाडीला बांधून ओढत आणली तेव्हा भावोजींना दुःख एकाच गोष्टीचं झालं. "ओढत? भर चौकातून? चार लोकांनी बघितलं असेल!"

गुरुवार त्यांनी विचारात घालवला. शुक्रवारी संध्याकाळी वर आले, हात धुतले, म्हणाले, "झालं काम. वायरच होती. जा, बघून ये."

ताई खाली गेली, मी तिच्यामागे. ती सीटवर बसली आणि किल्ली फिरवली, पण इंजिन चालू केलं नाही. नुसती बघत राहिली. समोर बॅटरीचा दिवा लागला होता, हँडब्रेकचा लागला होता. तेलाच्या बुधलीची जागा काळी.

"लागत नाहीये ना?" भावोजी दारातून म्हणाले. "सांगितलं होतं."

ताई म्हणाली, "किल्ली फिरवली की इंजिन चालू व्हायच्या आधी तो लागायलाच हवा. मग विझतो. नाही लागला म्हणजे बल्बच नाही." ती सावकाश उतरली. "बल्ब काढलात तुम्ही."

भावोजींच्या शर्टाच्या खिशाला एक छोटासा फुगवटा होता. त्यांचा हात आपोआप तिकडे गेला.

"अगं, उगाच दिसत राहतो तो. तू घाबरतेस म्हणून..."

मला वाटलं, आता ताई ओरडेल. मी तर तयारीच केली होती, साथ द्यायला. पण ती जिना चढून वर गेली. खाली आली तेव्हा तिच्या हातात तिचं शिवणाचं स्टूल होतं, बैठकीवर जुन्या चादरीची गादी शिवलेलं, सोळा वर्षांत मधोमध दबलेलं. ते तिने व्हॅनच्या पुढच्या चाकाशी ठेवलं.

"उद्या सकाळी सातला चेंबर काढायचं. पूर्ण काढायचं. जमिनीवर आणून ठेवायचं. मी इथे बसते."

"आणि गिऱ्हाइकं?"

"मी गिऱ्हाईक आहे."

शनिवारी मी डबा घेऊन गेले तेव्हा भावोजी गाडीखाली होते. अख्खे. बाहेर फक्त चपला दिसत होत्या. ताई स्टुलावर, मांडीवर गाडीबरोबर आलेलं मळकं पुस्तक. इंजिनाला खालून जॅक, मध्ये लाकडाचा ठोकळा. आडवा दांडा बाजूला काढून ठेवलेला.

"मला कंबरेचा त्रास आहे," गाडीखालून आवाज आला.

"चोवीस वर्षं वापरली नाहीत, नवीकोरी असेल," ताई म्हणाली. "बावीस बोल्ट आहेत. वीस दिसतायत ताटलीत."

"दोन राहू दे ना, अडचणीत आहेत, वाकवून निघतं..."

"बावीस."

थोडा वेळ नुसता पाना घसरल्याचा आवाज. मग ताटलीत टण. मग आणखी एक टण.

चेंबर खाली आलं. तेल ज्या जाळीतून वर ओढलं जातं ती जाळीही काढली. भावोजींनी ती बाहेर सरकवली आणि स्वतः आतच पडून राहिले. जाळीवर लाल सिलिकॉनचे तुकडे, लांब, वळवळीत, गांडुळांसारखे गच्च बसले होते. त्यातून तेलच काय, पाणी गेलं नसतं. ताई आणखी दहा मिनिटं गाडी चालवत राहिली असती तर इंजिन आपल्यातच चिकटून बसलं असतं, तीन आजारी माणसांसकट, भर रस्त्यात.

ताईने जाळी उचलून उजेडात धरली. मग गाडीखालून आलं, "हे कंपनीतूनच असं आलं असेल."

"हो का?" ताई म्हणाली. "कंपनीलाही तुमच्याच फळीवरची ट्यूब लागते वाटतं."

यानंतर मी जे बघितलं त्याने माझा राग दुप्पट झाला. भावोजींना सगळं येत होतं. त्यांनी चेंबरची कड लाकडाच्या ठोकळ्यावर धरली आणि छोट्या हातोडीने, कानाने ऐकत, एकेक फुगवटा बसवला. जुनं पॅकिंग खरवडताना पात्याला असा कोन दिला की पत्र्यावर ओरखडा नाही. पट्टी लावून कड सरळ आहे का बघितलं, डोळा बारीक करून. लग्नाआधी अकरा वर्षं ते एका मोठ्या वर्कशॉपमध्ये होते, तिथला फोरमन त्यांच्या हाताचं कौतुक करायचा, असं ताई सांगायची आणि मी हसायचे. खरंच होतं ते. येत नाही म्हणून माणूस चुकला तर मी एक वेळ दया करेन. ज्याला इतकं सुंदर येतं आणि तरी चोवीस वर्षं जो पुठ्ठे दाखवत फिरतो, त्याचं काय करायचं? मला तर ती हातोडी त्यांच्याच हातून घेऊन...असो. बहिणीचा नवरा आहे.

दर अर्ध्या तासाने त्यांना एक सुटका सुचायची. नवं पॅकिंग ठेवल्यावर, "बोल्ट एका बाजूने लावत गेलं तरी बसतं गं." ताई पुस्तकात बोट ठेवून म्हणाली, "मधून बाहेर. एक इकडचा, एक समोरचा. तीन फेऱ्या. हलक्या हाताने." कोपऱ्यात लावलेलं सिलिकॉन यावेळी मुगाएवढंच होतं. "आता तेल घालू?" भावोजींनी विचारलं.

"उद्या दुपारी."

"अगं, सुकलंय ते! हात लावून बघ."

"हात नका लावू. वर चला, जेवायला."

रविवारी दुपारी नवं तेल गेलं. बल्ब खिशातून निघून आपल्या जागी बसला. ताईने किल्ली फिरवली, लाल बुधली लागली. इंजिन चालू झालं, बुधली विझली. आवाज गुळगुळीत. वेळेत थांबल्यामुळे आत काही बिघडलं नव्हतं. गाडी सपाट जागेवर होती, इंजिन तापलेलं आणि चालू, खाली पुठ्ठा. वीस मिनिटांनी भावोजींनी तो ओढून काढला. कोरडा. त्यांनी सवयीने उजेडात धरला, पण दाखवायला समोर कुणी नवखं नव्हतं. "टांगू का?" त्यांनी विचारलं. ताईने इंजिन बंद केलं. त्यांच्या शर्टाची पाठ खांद्यापासून कंबरेपर्यंत काळीकुट्ट झाली होती.

सोमवारी साडेसहाला पोर्चमध्ये पांढरी चादर अंथरली गेली. मीही गेले होते, मला राहवलं नाही. भावोजी आले होते इस्त्रीचा शर्ट घालून. पंधरा मिनिटं इंजिन चालू होतं. मेट्रनबाई मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होत्या, ताई स्टीअरिंग धरून त्या दिव्याच्या काळ्या जागेकडे. काठीवाले आजोबा आतून खास बाहेर आले होते. शेवटी मेट्रनबाईंनी चादर ओढून घेतली, दोन्ही बाजूंनी बघितली आणि घडी घातली.

"उद्यापासून नेहमीच्या वेळेला या," त्या म्हणाल्या.

ताईने श्वास सोडला तो मला पायरीवरून ऐकू आला.

"दोन तासांचं काम होतं, मॅडम," भावोजी पुढे झाले. "आमचंच गॅरेज आहे."

मेट्रनबाई वळल्या. "असं? आमच्या सेंटरच्या दोन्ही गाड्या अशाच गळतात. बघाल?" आणि मग ताईला, "काय हो बाई, द्यायचं का यांच्याकडे काम?"

भावोजींची छाती इस्त्री मोडेल इतकी फुगली. ताईने काच पूर्ण खाली घेतली.

"हात चांगला आहे यांचा," ती म्हणाली. "फक्त काम संपेपर्यंत शेजारी स्टूल टाकून बसायला एक माणूस लागतो. दोन दिवस. तुमच्याकडे तेवढा मोकळा माणूस आहे का?"

मेट्रनबाईंनी भावोजींना पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. "नाही," त्या म्हणाल्या. "माझ्याकडे सगळे कामाचे आहेत."

आजोबा काठीवर हनुवटी टेकून हसले. "नऊ," ते ताईला म्हणाले.

आम्ही घरी आलो. जिन्यात भावोजी म्हणाले, "नवऱ्याचं गिऱ्हाईक घालवणारी बायको मी पहिल्यांदा बघितली." ताई किल्ली वाजवत वर गेली.

माणूस सुधारला वगैरे काही झालं नाही, कुणी आशा धरू नये. परवाच मी गेले तेव्हा चढावर एक गाडी नाक वर करून उभी होती आणि तिचा मालक पुठ्ठ्याकडे मान डोलावत बघत होता. मी वर गेले. नळाच्या पट्टीतून पाण्याची बारीक चिळकांडी भिंतीवर उडत होती आणि ताई ती बघत उभी होती, किल्ली बोटात फिरवत.

तिने खिडकीतून खाली हाक मारली, "अहो! वर या. नळ काढायचाय."

"येतो दोन तासांत!"

ताई खाली गेली, गॅरेजमधून स्टूल उचलून वर आणलं, नळासमोर ठेवलं आणि बसली.